मागे येणं

आमच्या बेटावर रस्ता एकच,
आणि तोही एका गाडीपुरता.
दर दोनशे पावलांवर डांबराला एक फुगवटा,
शेजारी पाटी: थांबा, समोरच्याला जाऊ द्या.
सतरा वर्षं झाली, मी टपालाची व्हॅन चालवते.
कोण कोणासाठी मागे येतं
यावरून माणसं ओळखते.
पाद्री येत नाहीत.
एफी मास्तरीण येते, पण आरशात न बघता,
त्यापेक्षा आलीच नाही तर बरं.

टॉरक्विलनं गाडी आणली तेव्हा
निम्मं बेट धक्क्यावर.
सव्वीस वर्षं त्यानं काढली
समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर,
पंधरवडा तिकडे, पंधरवडा इकडे;
कंपनीनं हिशेब चुकता केला
आणि यानं बोटीच्या पोटातून बाहेर काढली
पिवळीधमक,
जमिनीशी इतकी लगट करणारी
की उतार संपता संपता खाली घासलीच.
खर्रर्र.
तो आवाज अजूनही काढून दाखवतात बारमध्ये,
दुसऱ्या ग्लासानंतर.

पाचशे घोडी, म्हणे, इंजिनात,
आणि पुढे मेंढ्यांची वरात.
शून्यावरून साठ मैल साडेतीन सेकंदांत!
पण ते साठ मैल मांडायचे कुठे?
सरळ म्हणावा असा रस्ता
चर्चपासून, जळणासाठी माती कापतात तिथपर्यंत,
आणि त्यावरही वारा आडवा.
बहिणीला बोट गाठायची होती,
मोठ्या हौसेनं यानंच नेलं.
बारा मैल, चाळीस मिनिटं.
बसलाही तेवढीच लागतात,
आणि बसमध्ये पाय तरी लांब करता येतात.
बोट चुकली नाही. बोटच उशिरा आली.

मागे येणं त्याला जमत नाही.
मागची काच म्हणजे टपालपेटीची फट,
त्यातून दिसतं ते आभाळ.
म्हणून मीच येते मागे.
रागानं यायचे पहिल्या वर्षी,
दात खाऊन, हॉर्नवर तळहात ठेवून.

रात्री त्याच्या अंगणात दिवा दिसतो.
बादली घेऊन तो गाडीखाली सरपटतो,
चाकांमागचं मीठ धुतो.
समुद्र रोज येतो, तो रोज धुतो.

एप्रिलमध्ये एकदा माझ्याशेजारी थांबला.
शेजारच्या सीटवर, त्या महागड्या कातड्यावर,
फलाटावरच्या नारिंगी जॅकेटात गुंडाळलेलं कोकरू,
नुकतं जन्मलेलं, अजून ओलं.
आईनं टाकलं म्हणाला, डोलिना, दूध आहे का तुझ्याकडे?
माझ्याकडे चहा होता.
मी विचारलं, कधी पळवलीस तरी का हिला?
एकदा, म्हणाला.
मुख्य भूमीवर, पहाटे चारला. एकशे साठ.
किती वेळ?
एकोणीस सेकंद. मोजले मी.
आणि मग?
मग पुढे कोंबड्यांचा ट्रक आला.
पोलिसांना सांगू नकोस, म्हणाला,
त्यांची पत्रं तूच आणशील.
कोकरू त्याच्या गिअरवर मुतलं.
तो काहीच बोलला नाही त्याला.

आता समोरून पिवळं दिसलं
की मी आपणहून ब्रेक दाबते.
आरसा, खांदा, रिव्हर्स.
माझी व्हॅन मागे येताना रडते, तिचा गिअरच तसा.
वळणावरच्या खडकापासून फुगवट्यापर्यंत
मी तोंडातल्या तोंडात मोजत येते:
एकोणीस.
पावसात एकवीस.
तो बाजूनं जातो,
स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून,
चालत्या माणसाच्या वेगानं, चाकं जपत,
आणि ते एवढं मोठं इंजिन
पोटातल्या पोटात काहीतरी गिळतं,
पाहुण्यांसमोर बोलायचं नाही
असं घरून बजावल्यासारखं.